फासळीवरच्या खुंट्या

कोंबडीच्या फासळीला मागच्या बाजूला एक हाडाची खुंटी असते, हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ताटातल्या रश्श्याकडे. आमच्या घरात तर जेवताना हा विषय काढायला बंदीच आहे. पण यंदाचा माझा प्रवास झालाच मुळी त्या खुंटीपायी, तेव्हा वाचकांनी जरा सोसून घ्यावं.

मी सोलापूरचा. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर सापळे जोडायला लागलो. दचकू नका, कोंबडीचे आणि शेळीचे. हाडं उकळायची, घासायची, सुकवायची, बारीक तारेने जिथली तिथे बसवायची आणि काचेच्या पेटीत जनावर पुन्हा उभं करायचं. मोर, घुबड असल्यांच्या वाटेला मी जात नाही. कायदा आहे, आणि आपल्यालाही थोडी लाज असावी. यंदा एका शाळेने कोंबड्याचा सापळा मागितला. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी अट घातली, की कोंबडा श्वास कसा घेतो ते मुलांना त्यावरून दाखवता आलं पाहिजे. म्हणजे छातीचा पिंजरा खुंट्यांसकट हवा.

घोडं अडलं ते इथेच. बाजारात मिळते ती ब्रॉयलर, आणि ती बिचारी जगते जेमतेम दीड महिना. त्या वयात तिच्या खुंट्या आपल्या कानाच्या कडेसारख्या लवलवीत असतात. उकळल्या की गळून गाळाबरोबर मोरीत जातात. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा हाताला लागल्या नुसत्या काड्या. खुंटी पक्की व्हायला कोंबडा म्हातारा व्हावा लागतो, आणि कोंबड्याला म्हातारा होऊ देणारी माणसं हल्ली आहेत कुठे? कुणीतरी म्हणालं, जुन्नरकडे जा, तिकडे डोंगरात अजून घरोघर गावरान कोंबड्या आहेत. फेब्रुवारीत पिशवी भरली. बायको म्हणाली, "लोक शिवनेरी बघायला जातात, हे चालले कोंबडीची बरगडी बघायला." मी ऐकलं न ऐकलं केलं.

जुन्नर

जुन्नरला उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो शिवनेरीच. कुठल्याही गल्लीत वळा, घरांच्या वर तो उभा. मी त्याला हात जोडले आणि कोंबडीबाजाराचा रस्ता विचारला.

रफीकभाईंचं दुकान पेठेच्या टोकाला आहे. आजोबांपासूनचा धंदा. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी आणि बोलताना हात सतत कामात. मी माझं कूळ-मूळ सांगितलं तर ना हसले, ना दचकले. म्हणाले, "बसा सर. हाडाचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलंय. आजपर्यंत सगळे हाड नको म्हणणारेच."

बोलता बोलता त्यांनी खुराड्यातून एक कोंबडा काढला, आणि मी बघतच राहिलो. पाय दोन बोटांच्या बेचक्यात, तळवा पोटाखाली आणि छाती पूर्ण मोकळी. कोंबडा त्यांच्या हातावर पाटावर बसल्यासारखा बसला होता.

"असंच का धरता?" मी विचारलं.

"छाती दाबली की खलास, सर. गिऱ्हाईक काय करतं, पोराला धरावं तसं उराशी कवटाळतं. घरी पोचेस्तोवर त्यानं मान टाकलेली असते. मग येतात भांडायला, मेलेलं दिलं म्हणून."

मला त्या माणसाला मिठीच मारावीशी वाटली. जे मी चाळीस पुस्तकं उलथून शिकलो ते ह्यांच्या तळहाताला ठाऊक! मग मला राहवेना. त्यांच्याच बाकावर बसून मी माझी पेटी उघडली. तिच्यात नमुन्यादाखल एक जुना पिंजरा ठेवलेला असतो. कधी काळी कॉलेजात सापडलेला, एका बाजूच्या खुंट्या तुटलेला, पण दुसरी बाजू शाबूत असलेला.

म्हटलं, "हे बघा. आपल्या छातीखाली स्नायूचा एक पडदा आहे. तो खाली ओढला की आपण श्वास घेतो, म्हणून आपलं पोट हलतं. पक्ष्याला तसा पडदाच नाही. त्याची फुप्फुसं फुगतही नाहीत, पाठीच्या फासळ्यांना घट्ट चिकटून बसलेली असतात. फुगतात त्या हवेच्या पिशव्या, आणि त्या फुगवायला हे छातीचं हाड प्रत्येक श्वासाला खाली-पुढे झुकावं लागतं. झुकलं की हवा आत, उचललं की बाहेर."

"लोहाराचा भाता."

"अगदी तोच! आणि ही खुंटी म्हणजे भात्याचा दांडा. स्नायू हिला धरून फासळी ओढतो. खुंटी नसेल तर दांड्याशिवाय भाता ओढल्यासारखं. आणि गंमत ऐका. आपल्याकडे हवा आली त्याच वाटेने परत जाते, शिळी आणि ताजी एकत्र. पक्ष्याच्या फुप्फुसात ती एकाच दिशेने वाहते. आत्ता घेतलेला श्वास बाहेर पडतो तो पुढच्या श्वासाला."

रफीकभाईंनी दाढी कुरवाळली. "म्हणजे आपलं यस्टीसारखं. उतरणारे, चढणारे एकाच दारात. आणि ह्येचं पुढून चढा, मागून उतरा."

वर्गात इतकी वर्षं हेच समजावताना प्राध्यापकांना घाम फुटलेला मी पाहिलाय. मी खूश होऊन पुढची पायरी चढलो. म्हटलं, मगर ही आज जिवंत असलेल्यांत पक्ष्यांची सगळ्यात जवळची नातलग. तिच्यातही हवा अशीच एका दिशेने फिरते, आणि तिच्या फासळ्यांनाही खुंट्या असतात, फक्त मऊ.

"मगर? कोंबडीची नातलग?" त्यांनी दुकानाबाहेर डोकावून पाहिलं. "हळू बोला सर. हे खानदान गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर धंदा बसेल."

म्हातारा कोंबडा मात्र त्यांच्याकडे नव्हता. "आमच्याकडं कोण म्हातारं व्हतंय, राव? आहुप्याला जा. दगडूमामा म्हणून हाडवैद्य हाये. माझा हा हात मोडला व्हता तो त्येंनीच बसवला." त्यांनी मनगट फिरवून दाखवलं. "त्येंच्या घरी सात वर्साचा कोंबडा हाये. मामीचा जीव की प्राण, देणार न्हाईत. पर तुमी विचारून बघा. मी फोन करतो."

दुपारी त्यांनी सांगितलेल्या खाणावळीत मासवडी खाल्ली. बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वळकटी करून कापलेल्या वड्या, आणि सोबत असा रस्सा की डोळ्यांत पाणी. आम्ही सोलापूरकर शेंगदाण्याच्या चटणीपुढे कुणाला मोजत नाही, पण इथे मुकाट दुसरी वाटी मागितली. तिसरी मागितली ती चूक होती. संध्याकाळ लॉजच्या खोलीत ओवा चावत काढली.

घोडेगावहून वर

आहुप्याची गाडी घोडेगावहून मिळाली. पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्येच्यात?" मी सत्यवचनी, म्हणालो, "कोंबडीची हाडं." शेजारच्या आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि पिशवी उचलून मागे जाऊन बसल्या. पुढच्या थांब्यावर चढलेल्या दोघांना कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. आहुप्यापर्यंत अख्खं बाक माझं एकट्याचं होतं. करणी करणारा म्हणून एवढा मान मला सोलापुरात कधी मिळाला नव्हता.

रस्ता मात्र काय सांगू! डिंभे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला पुन्हा पुन्हा येतं, निळं आणि गप्प. मग चढ लागतो, वळणं आवळत जातात, आणि हवा एकदम हलकी होते. आमच्याकडे फेब्रुवारीत दुपारी पत्रा तापायला लागतो. इथे खिडकीतून गार झुळूक येत होती आणि उतारावर हिरड्याची झाडं हिरवीगार उभी होती. गावात उतरलो तर अंगणा-अंगणात हिरडा वाळत घातलेला. कुणीही न विचारता एका बाईने हात करून घर दाखवलं, "हाडवैद्याचं ना? त्ये काय."

आहुपे

दगडूमामा पडवीत बसले होते. बारीक अंगलट, डोक्याला टोपी, आणि हात मात्र पैलवानाचे. त्यांनी बसल्या जागेवरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नंतर कळलं, कुणाचं कुठलं हाड वाकडं आहे ते ते चालीवरून ओळखतात. म्हणाले, "डावा गुडगा दुखतो ना? या, बसा पावणं. रफीकचा फोन आला व्हता. तुमचं नशीब बघा, कोंबडा आजच चाललाय."

पडवीच्या कोपऱ्यात पाटीमध्ये गवतावर तो बसवलेला होता. शेजारी शेवंतामामी, मामांच्या कारभारीण. सात वर्षांपूर्वी ह्याच्या आईला मुंगसाने नेलं होतं तेव्हा त्यांनी हे पिल्लू चुलीजवळ उबेत वाढवलं. तेव्हापासून पाहुणे आले, यात्रा आल्या, जावई येऊन गेले, पण त्या कोंबड्याकडे कुणाला बोट दाखवू दिलं नाही. सकाळी कुत्र्याने त्याला तोंडात धरलं. मामींनी आरडाओरडा करून सोडवला. मामांनी बोटाने चाचपून पाहिलं तर डाव्या बाजूची एक फासळी कटकन वाजली. मग त्यांनी माणसाची फासळी बांधतात तशीच बांधली. चार बारीक बांबूच्या कामट्या आणि वरून लुगड्याची पट्टी, छातीभोवती तीन वेढे.

"दुपारी धाप लागली," मामा म्हणाले. "मंग मी आजून आवळली. फासळी हलली की दुखतं, दुखलं की धाप लागती. माणसाचं तसंच असतंय. पर ह्यो काय जगंल असं दिसत न्हाई. गेला की न्या तुमी. हाडं तरी कुटं तरी कामाला येतील."

"ह्योच का त्यो हाडंवाला?" मामी माझ्याकडे न बघता बोलल्या. "गिधाडं दिसंनाशी झाली म्हणत्यात. न्हाई झाली वाटतं."

बोलणं लागलं, पण मी खाली बसलो आणि कोंबड्याकडे पाहिलं. चोच उघडी. मान लांब ताणलेली. तुरा जांभळा पडलेला. आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली, वर-खाली. छाती हलत नाही म्हणून तो जीव शेपटीपर्यंतच्या सगळ्या स्नायूंनी हवा ओढू बघत होता. मला पाहताक्षणी कळलं. ह्याला कुत्र्याने मारलेलं नाही, पट्टी मारते आहे.

मामींनी उठून कोऱ्या चहाचा कप माझ्या हातात दिला. आणि मी चहा प्यायलो.

आता इथे मला खोटं लिहिता आलं असतं, की मी तत्क्षणी ओरडलो. नाही ओरडलो. सात वर्षांचा कोंबडा! ह्याच्या खुंट्या नखाएवढ्या टणक असणार, उकळताना एक गळणार नाही, असा पिंजरा मला जन्मात पुन्हा मिळणार नाही, हे सगळं डोक्यात फिरत होतं. पट्टी मी बांधलेली नव्हती. हाडवैद्य स्वतः म्हणत होता की चाललाय. मी परका माणूस, आज पहिल्यांदा ह्यांच्या घरात येऊन ह्यांना काय शिकवणार? अशी कारणं सुचत होती आणि चहाचे घोट जात होते. लाज वाटते सांगायला, पण अर्धा कप संपला.

तेवढ्यात मामींनी बोट पाण्यात बुडवून थेंब त्याच्या चोचीवर ठेवला. त्याला गिळता येईना, थेंब ओघळला. त्या त्याला म्हणाल्या, "गप राजा. मामानं बांधलंय ना? मामानं बांधलंय म्हंजी बरं व्हायचं."

कप खाली ठेवला तो कलंडलाच. "मामा, सोडा ती पट्टी! आधी सोडा. त्याला श्वास घेता येत नाहीये."

मामांचा चेहरा बदलला. "काय म्हणालात?"

"छाती बांधली म्हणून मरतोय तो. पक्ष्याची छाती बांधायची नसते."

"ह्या हातानं आख्खं खोरं चालतं केलंया, सर. झाडावरनं पडलेली, गाडीखाली आलेली. छाती बांधल्यानं एकबी माणूस मेला न्हाई."

"माणूस पोटाने श्वास घेतो हो!" माझा आवाज चढला. तापट स्वभाव, काय करणार. "ह्याला पोटाचा पडदाच नाही. ह्याचं सगळं छातीवर आहे. छातीचं हाड खाली गेलं तरच हवा आत जाते, आणि तुम्ही तेच करकचून..."

"तुमी मेलेल्याची हाडं जोडणारं. जित्त्याचं मला शिकवू नका."

"जित्त्याचं मेलेल्यातच कळतं कधी कधी!"

"भांडत बसा दोघं बी," मामी म्हणाल्या. त्यांनी पडवीच्या खांबाला अडकवलेला विळा घेतला, पट्टीच्या आत एक बोट घातलं आणि तिन्ही वेढे एका फटक्यात कापले. कामट्या गवतात पडल्या.

कोंबड्याने जो श्वास घेतला तो मी विसरणार नाही. अख्खा कोंबडा उघडला. छाती खाली गेली, बाजूच्या फासळ्या फाकल्या, पिसं उभी राहिली आणि मिटली. मग दुसरा श्वास, मग तिसरा. पहिल्या चार-पाच श्वासांना शेपटी हलत होती, पुढे हळूहळू थांबली. चोच मिटली. आणि तुरा! कडेने आधी गुलाबी, मग लाल. चुलीतला निखारा फुंकल्यावर लाल व्हावा तसा तो आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत लाल झाला. मी आयुष्यभर तो भाता मेलेला पाहिला होता, तारेने बांधलेला. जिवंत चालताना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मामी त्याच्या पाठीवर हात फिरवत रडत होत्या आणि शिव्या देत होत्या, कुणाला ते कळलं नाही.

मामांनी पाटीतलं गवत काढून नवं घातलं, दुखऱ्या बाजूला भार येणार नाही असा एक खळगा केला, त्यात कोंबड्याला अलगद बसवलं. हात काय सुरेख चालत होते! मला तेवढा खळगा करायला तास लागला असता. मग टोपी नीट केली आणि कुठेतरी निघून गेले.

कड्यावर

परतीची गाडी सकाळी होती. उन्हं कलल्यावर मामींनी नाचणीची भाकरी आणि घेवड्याची भाजी वाढली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला नाचणीची भाकरी पहिल्या घासाला मातट लागते, तिसऱ्या घासाला आवडते. दोन खाल्ल्या. मग म्हणाल्या, "तिकडं कड्यावर बसलं असतील. जावा. तुमचं त्ये खोकं बी न्या."

वाटेत देवराई लागते. आत शिरताना बोलायचं नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या झाडांखाली आवाज आपोआप बसतो. पलीकडे उघडं पठार, आणि मग जमीन संपते. अक्षरशः संपते. पायाखाली कोकण, खोल आणि धुरकट, आणि समोर सुळके. कड्याच्या काठाशी मामा पाठमोरे बसले होते.

मी दोन हात अंतर ठेवून बसलो. खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर पाकोळ्या सुटल्या होत्या, चिमणीएवढी पाखरं, शेकड्यांनी. आपण ज्या चढाला चार वेळा थांबतो तेवढी उंची त्या एका गिरकीत चढत होत्या, आणि धाप म्हणून नाही. त्या एवढ्याशा छातीत तोच भाता, त्याच खुंट्या.

हात पुढे करून मामा म्हणाले, "दावा बघू तुमचं खोकं."

मी पिंजरा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. हाडवैद्य डोळ्यांनी बघत नाहीत. बोटं कण्यापासून सुरू झाली, एकेका फासळीवरून उतरली, मधल्या सांध्यापाशी थांबली. "फासळीला मदी बिजागरी हाय. माणसाला न्हाई आशी." पुढे सरकली. मग खुंटीवर येऊन अडली. पुन्हा मागे गेली. पुन्हा खुंटी. दुसऱ्या फासळीची, तिसऱ्या फासळीची. प्रत्येक खुंटी तिरकी होऊन मागच्या फासळीवर टेकलेली.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कामट्या हायेत."

"काय?"

"मी बांधतो त्या कामट्या. एका फासळीवरनं दुसरीवर टेकू. एक मोडली तर शेजारची धरून ठिवती." त्यांनी बोटाने दाखवलं. "ह्येला बांदायची गरजच न्हाई, सर. ह्यो आईच्या पोटातनं बांदूनच आलाय."

आईच्या पोटातून नव्हे, अंड्यातून, एवढी दुरुस्ती सुचली, पण मी गिळली. खुंटीमुळे स्नायूंना जोर मिळतो हे मला ठाऊक होतं, पिंजरा घट्ट राहतो हेही वाचलेलं होतं. पण मोडक्या फासळीला शेजारची फासळी त्या खुंटीने धरून ठेवते, हे मला ह्या माणसाने बोटांनी वाचून दाखवलं. मी म्हणालो, "मामा, पन्नास सापळे जोडले मी. हे मला नव्हतं दिसलं."

त्यांना त्याचा आनंद झाला नाही. ते पिंजऱ्याकडेच बघत राहिले. मग एकेक नाव घ्यावं तसं बोलू लागले. "एक पिंगळा आणला व्हता पोरांनी. बांदला. एक व्हला. माझ्या भावानं पाळलेला एक तितर. एकदा तर मोर, पंख मोडलेला, रानातल्या लोकांनी विश्वासानं आणून दिला. लई जपून बांदला व्हता मी. सगळी दिस मावळायच्या आत गेली. पाखरू भ्यानं मरतं, असं मी सांगायचो. आजबी ह्या खोऱ्यात समदे त्येच सांगत्यात. माझ्यामुळं."

मी त्यांचा हात धरला. ज्याने कित्येकांची हाडं जुळवली त्या हाताला धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी बराच वेळ सोडला नाही.

निघताना

सकाळी जाग आली ती आरवण्याने. आवाज बसका होता, मध्येच चिरकला, पण आरवला गडी! बाहेर आलो तर कोंबडा पाटीत उभा आणि मामी त्याच्यापुढे तळहातावर तांदळाच्या कण्या धरून बसलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "आपसूक म्हातारपणानं गेला तर रफीकच्या फोनवर सांगावा धाडीन. आंगनात पुरायच्या आधी तुमालाच दीन. पर वाट बघत बसायचं न्हाई, सांगून ठिवते."

"नाही बसणार, मामी."

"बसाल. तुमची जातच तसली हाय." आणि हसून त्यांनी माझ्या पिशवीत हिरड्याची पुडी टाकली, खोकल्यावर. शाळेच्या बाईंना मी नंतर कळवून टाकलं, की कोंबडा अजून वापरात आहे, थांबावं लागेल.

मामा गाडीपर्यंत पोचवायला आले. वाटेत एका घरी थांबले. तिथल्या बाईला म्हणाले, "कोंबडी दुखावली तर बांदायची न्हाई बरं का. छाती मोकळी सोडायची. मी आजवर चुकीचं सांगितलं." बाई गोंधळून हो म्हणाली. पुढच्या घरी पुन्हा तेच, शब्दसुद्धा तेच. पाच घरं झाली. मी त्यांच्यामागे पेटी घेऊन चालत होतो आणि प्रत्येक घरी मला माझा अर्धा कप आठवत होता. त्यांनी पाच अंगणांत आपली चूक सांगितली, आणि मी आपली एकालाही सांगितली नव्हती.

गाडी लागलेली होती. ड्रायव्हर तंबाखू मळत होता. मी म्हणालो, "मामा, काल मला बघताक्षणीच कळलं होतं. सापळा मिळेल म्हणून मी गप्प बसलो. अर्धा कप होईपर्यंत."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"तुमची नजर त्येच्या छातीवर व्हती, तोंडाकडं नव्हती. घेणाऱ्याची नजर तशी आसती. मला वाटलं, येवडा जाणता माणूस आलाय आन् गप बसलाय, म्हंजी आता काय राहिलं न्हाई. मी बी आशा सोडली." त्यांनी माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली. "तुमी बोलल्यावर राग आला ना, त्यो त्येचाच व्हता. बांदलेलं चुकलं म्हणून न्हाई. म्हाईत व्हतं तर येवडा वेळ का लावला म्हणून."

कंडक्टरने घंटी दिली. मी चढलो, खिडकीशी बसलो. गाडी हलली तसे मामा खिडकीला धरून चार पावलं सोबत चालले आणि म्हणाले, "फुडच्या टायमाला च्या निवला तर निवू द्या, सर. आदी बोला."